भाताचे पान कोण वाकवते?

शाहूवाडी तालुक्यात भाताचा हंगाम दोन तऱ्हांनी सुरू होतो. रोहिणी नक्षत्राच्या आसपास कोरड्या रानात धूळवाफ पेरणी होते. जिथे पाणी साचते, तिथे पावसाळा चांगला लागल्यावर चिखल करून रोपलागण होते. पश्चिमेकडच्या आंबा, गजापूर, विशाळगड या पट्ट्यात पावसाचा जोर मोठा, म्हणून तिथे भात आणि नाचणी. पूर्वेला बांबवडे, सरूडच्या बाजूला ऊसही भरपूर. पीक कोणतेही असो, ते गुडघ्याएवढे झाले की शेतकऱ्याच्या मनात एक प्रश्न येतोच : आता फुटव्यासाठी, वाढीसाठी कोणते टॉनिक मारायचे?

कृषी सेवा केंद्राच्या फळीवर अशा टॉनिकच्या बाटल्या ओळीने मांडलेल्या असतात. काहींत समुद्री शेवाळाचा अर्क असतो, काहींत अमिनो आम्ले, काहींत ह्युमिक आम्ल. त्यांतल्या एखाद्या बाटलीवर बारीक अक्षरात लिहिलेले असते : 'होमोब्रासिनोलाइड ०.०४ टक्के'. नाव उच्चारायला अवघड आहे, पण पदार्थ साधासुधा नाही. ते एक स्टेरॉइड आहे. स्टेरॉइड म्हटले की दम्याच्या गोळ्या, सांधेदुखीची इंजेक्शने किंवा व्यायामशाळेत चोरून घेतली जाणारी औषधे आठवतात. तेच नाव पिकावरच्या फवाऱ्यात दिसले की दोन शंका येतात. याने खरेच उत्पन्न वाढते का? आणि असे पीक खाणाऱ्याला त्रास होतो का?

दोन्ही शंकांची उत्तरे शोधायची तर आधी एक गोष्ट समजून घ्यावी लागते. हे स्टेरॉइड माणसाने पिकाला लावलेले व्यसन नव्हे. फवारणीचा पंप खांद्यावर घेण्याच्या कितीतरी आधीपासून भाताचे प्रत्येक रोप ते स्वतःच तयार करत आले आहे.

पानाच्या सांध्यातला हिशोब

भाताचे नवे पान बाहेर येते तेव्हा ते सरळ उभे असते. काही दिवसांनी ते हळूहळू बाहेरच्या बाजूला झुकते. ते मधूनच वाकत नाही. खोडाला वेढून बसलेला पानाचा खालचा भाग आणि वरचे मोकळे पाते जिथे जुळतात, त्या सांध्यात ते वाकते. या सांध्याच्या आतल्या, म्हणजे खोडाकडच्या बाजूच्या पेशी बाहेरच्या बाजूपेक्षा जास्त लांब झाल्या की पाते बाहेर ढकलले जाते. दाराच्या बिजागरीसारखेच हे काम आहे, फक्त ही बिजागरी वाढीच्या जोरावर उघडते.

पेशींना 'लांब व्हा' हा निरोप देणाऱ्या रसायनांत ब्रासिनोस्टेरॉइडचा वाटा मोठा आहे. या गटातले सत्तरहून अधिक पदार्थ आजवर वेगवेगळ्या वनस्पतींत सापडले आहेत. भाताचा हा सांधा त्यांना इतका चटकन प्रतिसाद देतो, की जपानी शास्त्रज्ञांनी त्याचाच मोजमापासाठी वापर केला. भाताच्या कोवळ्या पानाचा सांध्यासकटचा तुकडा द्रावणात ठेवायचा आणि पाते किती अंशांनी झुकले ते मोजायचे. जास्त झुकले, तर द्रावणात हे संप्रेरक जास्त. ज्या काळात एवढ्या सूक्ष्म प्रमाणातले रसायन मोजणारी यंत्रे सहज मिळत नव्हती, त्या काळात भाताचे पान हाच तराजू झाला.

मोहरीच्या भावंडाचे पराग

या संप्रेरकाचे नाव मात्र भातावरून पडलेले नाही. ते कोबी, मोहरी यांच्या 'ब्रासिका' या कुळावरून पडले. अमेरिकेत मेरीलँड राज्यातल्या बेल्ट्सव्हिल येथील कृषी खात्याच्या संशोधन केंद्रात जे. डब्ल्यू. मिचेल आणि त्यांचे सहकारी परागकणांचा अभ्यास करत होते. पराग फुलात रुजताना त्याची नळी फार वेगाने वाढते. एवढी वाढ घडवणारे काही द्रव्य त्यात असलेच पाहिजे, हा त्यांचा तर्क होता. निरनिराळ्या वनस्पतींच्या परागांचा अर्क त्यांनी घेवड्याच्या कोवळ्या रोपाच्या पेऱ्याला लावून पाहिला. मोहरीचे भावंड असलेल्या रेपसीडच्या परागाचा अर्क लावल्यावर पेर लांबले आणि फुगले. हे काम १९७० मध्ये 'नेचर' या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. लेखकांमध्ये एन. मंडावा हे भारतीय नावही होते.

अर्कात काहीतरी आहे हे कळले, पण ते नेमके काय, हे कळायला आणखी ९ वर्षे गेली. त्यासाठी मधमाश्यांनी गोळा केलेला २२७ किलो पराग वापरावा लागला. त्यातून शुद्ध स्वरूपात हाती लागले ते जेमतेम काही मिलिग्रॅम, म्हणजे चिमटीतही मावणार नाही एवढे. त्या स्फटिकांवर क्ष-किरण टाकून १९७९ मध्ये रेणूची रचना उलगडली आणि त्याला 'ब्रासिनोलाइड' हे नाव मिळाले. रचना पाहून रसायनशास्त्रज्ञ चकित झाले. चार कड्यांचा तोच सांगाडा, जो माणसाच्या टेस्टोस्टेरॉनमध्ये, इस्ट्रोजेनमध्ये आणि कॉर्टिसोलमध्ये असतो. किडे कात टाकतात ती ज्या संप्रेरकामुळे, त्या एक्डायसोनशी तर ते फारच मिळतेजुळते.

घटातले धान आणि बुटके रोप

तरीही पुढची बरीच वर्षे अनेक शास्त्रज्ञ याला संप्रेरक मानायला तयार नव्हते. बाहेरून लावले तर वाढ होते, हे खरे. पण बाहेरून लावलेल्या पुष्कळ गोष्टींनी रोपावर परिणाम होतो. वनस्पतीला स्वतःला याची गरज आहे, हे कुठे सिद्ध झाले?

त्याचे उत्तर अंधारात वाढणाऱ्या रोपांनी दिले. नवरात्रात घटाभोवती मातीत पेरलेले धान सर्वांनी पाहिलेले असते. देवघराच्या कोपऱ्यात उजेड कमी, म्हणून ते नऊ दिवसांत भराभर उंच होते. काडी बारीक, रंग पिवळट. तेच धान उन्हात पेरले तर बुटके, जाड आणि हिरवेगार येते. मातीखाली रुजलेल्या प्रत्येक बीजाची हीच युक्ती असते : उजेड मिळेपर्यंत सगळी ताकद उंच होण्यात घालवायची. धूळवाफ पेरणीतला भातही मातीच्या थराखालून असाच वर येतो.

कॅलिफोर्नियातल्या साल्क इन्स्टिट्यूटमध्ये जोआन कोरी यांच्या प्रयोगशाळेत अरॅबिडॉप्सिस या मोहरीच्या नात्यातल्या छोट्या रोपट्यावर काम चालू होते. त्यांना एक विचित्र वाण सापडला होता. तो अंधारातही बुटका राहायचा आणि उजेड असल्यासारखी पाने उघडायचा. त्याचे नाव 'डेट-२'. त्यात एक जनुक बिघडलेले होते, आणि ते जनुक ब्रासिनोलाइड तयार करण्याच्या साखळीतली एक कडी होते. रोपाला बाहेरून ब्रासिनोलाइड दिले की ते नेहमीसारखे वाढू लागायचे. हे संशोधन १९९६ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात आले. त्याच वर्षी युरोपातल्या शास्त्रज्ञांनी दुसऱ्या एका बुटक्या वाणाची तशीच कहाणी मांडली. त्यानंतर शंकेला जागा उरली नाही. हे संप्रेरक नसेल तर रोप खुजे राहते, पाने गडद हिरवी आणि आखूड होतात, फुले उशिरा येतात, परागही नीट तयार होत नाहीत. वनस्पतिशास्त्राला या वळणावर आणणाऱ्या कोरी यांचे २०२४ मध्ये निधन झाले.

माणसाचे जनुक रोपट्यात

डेट-२ च्या कथेला एक पुढचा भाग आहे, आणि तो माणसाच्या शरीराशी जोडलेला आहे. ते बिघडलेले जनुक ज्या विकराची कृती सांगते, त्याच्यासारखाच विकर माणसात असतो. त्याचे नाव ५-अल्फा रिडक्टेज. पुरुषांत तो टेस्टोस्टेरॉनचे रूपांतर अधिक प्रभावी संप्रेरकात करतो. उतारवयात प्रोस्टेट ग्रंथी वाढली आणि लघवीला अडथळा येऊ लागला की डॉक्टर 'फिनास्टेराइड' हे औषध देतात, ते याच विकराला रोखते.

१९९७ मध्ये शास्त्रज्ञांनी माणसाचे हे जनुक खुज्या डेट-२ रोपट्यात घातले, आणि रोपटे वाढू लागले. कोट्यवधी वर्षांपूर्वी वाटा वेगळ्या झालेल्या दोन सजीवांच्या स्वयंपाकघरात एक भांडे अजून सारखेच आहे, असा त्याचा अर्थ.

पण भांडे सारखे म्हणून जेवण सारखे नसते. प्राणी आपली स्टेरॉइड कोलेस्टेरॉलपासून बनवतात. वनस्पती मुख्यतः कॅम्पेस्टेरॉल या स्वतःच्या स्टेरॉलपासून ब्रासिनोलाइड बनवतात. निरोप पोचवण्याची तऱ्हाही वेगळी. माणसाचे स्टेरॉइड संप्रेरक पेशीच्या आत शिरते, तिथे आपल्या ग्राहकाला भेटते आणि थेट जनुकांपर्यंत पोचते. वनस्पतीत हा पाहुणा घरात शिरत नाही. पेशीच्या बाहेरच्या पडद्यावर 'ब्री-१' नावाचा ग्राहक बसलेला असतो. ब्रासिनोलाइड तिथे येऊन बेल वाजवते, आणि आतली माणसे एकमेकांना निरोप देत तो जनुकांपर्यंत नेतात. माणसाच्या पेशीच्या दारावर ही बेलच नाही. पिकातल्या स्टेरॉइडला भ्यायचे की नाही, हे ठरवताना हा फरक ध्यानात ठेवावा लागतो.

आणखी एक वैशिष्ट्य शेतकऱ्याच्या कामाचे आहे. माणसाचे संप्रेरक एका ग्रंथीत तयार होते आणि रक्तातून सगळ्या शरीरात फिरते. ब्रासिनोस्टेरॉइड तसे लांबचा प्रवास करत नाही. ते जिथे तयार होते, त्याच्या आसपासच काम करते. पानाचे पानात, मुळाचे मुळात, दाण्याचे दाण्यात. प्रत्येक अवयव आपली मात्रा स्वतः ठरवतो.

कमी चांगले की जास्त?

वाढीचे संप्रेरक म्हटल्यावर 'जितके जास्त, तितके पीक जोरात' असे वाटणे साहजिक आहे. भातावरच्या दोन प्रयोगांनी हा समज मोडून काढला.

पहिला प्रयोग जपानमधला, २००६ सालचा. तिथल्या शास्त्रज्ञांनी भाताचा असा वाण निवडला, ज्यात ब्रासिनोस्टेरॉइड तयार करणाऱ्या एका जनुकाचे काम बंद पडले होते. संप्रेरक थोडे कमी झाले, पण रोप फारसे खुजे राहिले नाही. बदलली ती पानांची ठेवण. पाने आडवी न पसरता उभी राहिली. अशी रोपे दाट लावली, तेव्हा खत न वाढवताही दाण्याचे उत्पन्न वाढले. कारण सरळ आहे. आडवी पाने खालच्या पानांवर सावली धरतात, उभ्या पानांमधून ऊन खालपर्यंत उतरते. म्हणजे इथे संप्रेरक कमी झाल्याने फायदा झाला. पश्चिम घाटाच्या माथ्यावर जुलै-ऑगस्टमध्ये आठवडेच्या आठवडे आभाळ झाकोळलेले असते. तिथे भाताला मिळणारा उजेड आधीच तुटपुंजा असतो, म्हणून पानांच्या ठेवणीचा प्रश्न शाहूवाडीसारख्या तालुक्याला परका नाही.

दुसरा प्रयोग २००८ सालचा. त्यात खोड, पाने आणि मुळे या ठरावीक भागांत हे संप्रेरक वाढेल, अशी जनुकीय व्यवस्था भातात केली गेली. फुटवे वाढले, पानात तयार झालेली साखर दाण्याकडे जास्त वळली, आणि मूळ वाणाच्या तुलनेत दाण्याचे उत्पन्न १५ ते ४४ टक्क्यांनी वाढले. इथे संप्रेरक जास्त झाल्याने फायदा झाला.

वरवर पाहता हे दोन निष्कर्ष एकमेकांना छेद देतात. पण दोन्ही खरे आहेत. पानाच्या सांध्यात जास्त झाले तर पाने लोळतात आणि सावली धरतात. दाणा भरण्याच्या वाटेवर योग्य जागी वाढले तर दाणा ठसठशीत होतो. प्रश्न 'किती' एवढाच नाही, 'कुठे' आणि 'केव्हा' हाही आहे. रोप हा हिशोब अवयवागणिक आणि दिवसागणिक सांभाळत असते. पंपातून निघालेला फवारा मात्र सांधा, पाते, लोंबी सगळ्यांना एकाच वेळी भिजवतो. त्याला जागा निवडता येत नाही. शेतकऱ्याच्या हातात राहते ती फक्त वेळ आणि मात्रा.

हे ज्ञान पीकपैदाशीत आधीपासून नकळत वापरले गेले आहे. जपानमध्ये 'उझू' नावाचे बुटके बार्ली वाण पिढ्यान्‌पिढ्या पेरले जात होते. ते वादळवाऱ्यात लोळत नसत. २००३ मध्ये कळले की त्यांच्या ब्री-१ या ग्राहकात लहानसा बदल आहे, म्हणून संप्रेरकाची बेल तिथे मंद वाजते. हरितक्रांतीतले गहू आणि भात बुटके झाले ते जिबरेलिन या वेगळ्या संप्रेरकामुळे. द्राक्षबागायतदार ज्याला 'जीए' म्हणतात, तेच हे. ते स्टेरॉइड नाही. पण २०२३ मध्ये चिनी शास्त्रज्ञांनी दाखवले, की गव्हात ब्रासिनोस्टेरॉइडचा निरोप थोडा मंद केला तरी रोप आटोपशीर राहते आणि उत्पन्नही वाढते. उद्याच्या भाताच्या वाणात हा बदल बियाण्यातच बसवलेला असू शकेल. तसे झाले तर बाटली विकत घ्यायचे कारणच उरणार नाही.

बाटलीत काय असते?

सव्वादोनशे किलो परागातून काही मिलिग्रॅम मिळणारा पदार्थ शेतात फवारायचा तर तो कारखान्यात तयार करणे भाग होते. सोयाबीन तेलाच्या उद्योगातून मिळणाऱ्या स्टिग्मास्टेरॉलपासून होमोब्रासिनोलाइड बनवता येते, आणि त्याचे काम निसर्गातल्या ब्रासिनोलाइडसारखेच चालते. अशा वनस्पतिजन्य स्टेरॉलपासून ब्रासिनोस्टेरॉइड बनवण्याच्या पद्धतींवर पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत, म्हणजे एनसीएलमध्ये, महत्त्वाचे काम झाले. अलीगढ मुस्लिम विद्यापीठ आणि हैदराबादचे उस्मानिया विद्यापीठ इथल्या वनस्पतिशास्त्र विभागांनी अनेक वर्षे या संप्रेरकांचा अभ्यास केला. खारट पाणी, उष्णता, जड धातू अशा ताणाखाली रोपाला ते कसा आधार देतात, याची पुष्कळ माहिती या भारतीय कामातून मिळाली.

१९९७ मध्ये गोदरेज समूहातल्या संशोधकांनी गहू, भात, भुईमूग, मोहरी, बटाटा आणि कापूस या पिकांवरच्या शेतातल्या चाचण्यांचे निष्कर्ष केंब्रिजहून निघणाऱ्या शेतीविषयक नियतकालिकात प्रसिद्ध केले. या पिकांत होमोब्रासिनोलाइडने उत्पन्न वाढल्याचे त्यात म्हटले होते. या चाचण्या महत्त्वाच्या आहेत. मात्र हे उत्पादन बाजारात आणणाऱ्या उद्योगाशी त्या जोडलेल्या होत्या, हेही वाचताना विसरू नये. शेतात परिणाम वाण, हवामान, फवारणीची वेळ आणि रानाचा कस यांप्रमाणे बदलतो. ज्या रोपाला नत्र कमी पडले आहे किंवा ज्याची मुळे साचलेल्या पाण्यात गुदमरली आहेत, त्याला संप्रेरक 'वाढ' म्हणून सांगेल, पण वाढायला लागणारा माल कुठून आणणार? संप्रेरक हा निरोप आहे, अन्न नव्हे.

बाटलीचे गणित करून पाहण्यासारखे आहे. ०.०४ टक्के म्हणजे १०० मिलिलिटरच्या बाटलीत साधारण ४० मिलिग्रॅम संप्रेरक. बाकी सगळा द्रावक आणि इतर साहाय्यक पदार्थ. समजा १ लिटर पाण्याला १ मिलिलिटर औषध घेतले, तर १५ लिटरच्या पंपात जेमतेम ६ मिलिग्रॅम जाते. एवढ्याने काम होते, कारण हे पदार्थ मुळातच अत्यल्प मात्रेत काम करतात. म्हणूनच 'थोडे जास्त टाकले तर काय बिघडले?' हा विचार इथे महागात पडतो. जास्त मात्रेने वाढ जोमाने होण्याऐवजी उलट मंदावू शकते. पाने आणि कांडी नको तेव्हा लांबली तर परतीच्या पावसात भात आडवा पडण्याची भीती वाढते.

खाणाऱ्याला धोका आहे का?

आता दुसरी शंका. प्रत्येक भाजी, प्रत्येक धान्य, प्रत्येक फळ यांत ब्रासिनोस्टेरॉइड असतेच. पानांत आणि कोंबांत ते ग्रॅममागे ०.०१ ते ०.१ नॅनोग्रॅम असते, परागात आणि कोवळ्या बियांत १ ते १०० नॅनोग्रॅम. नॅनोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा शंभर कोटीवा भाग. माणूस शेती करायला लागला त्याआधीपासून ते त्याच्या पोटात जात आहे.

२०११ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी प्रयोगशाळेतल्या उंदरांना २४ दिवस रोज होमोब्रासिनोलाइड खाऊ घातले. उंदरांची भूक वाढली, वजन आणि स्नायू वाढले. मात्र पुरुषी संप्रेरकांसारखे इतर परिणाम फारसे दिसले नाहीत. ही बातमी वाचून काहींना भीती वाटेल, तर काहींना मोह होईल. दोघांनीही मात्रा पाहावी. उंदरांना दिलेली कमी मात्रा होती शरीराच्या दर किलोमागे रोज २० मिलिग्रॅम. उंदराचा हिशोब माणसाला जसाच्या तसा लागू होत नाही. पण अंदाज यावा म्हणून ५० किलोच्या माणसासाठी तो केला, तर रोज १ ग्रॅम होतो. पानांतून तेवढे मिळवायचे तर १० हजार टन पाला खावा लागेल. त्यामुळे वाजवी मात्रेत फवारलेल्या पिकाचा भात खाऊन शरीरात 'स्टेरॉइड चढेल', ही भीती निराधार आहे.

मोहाचे उत्तरही तेवढेच स्पष्ट आहे. कोल्हापूर जिल्ह्यात गावोगावी तालमी आहेत आणि अंग कमावणारी पोरे आहेत. 'वनस्पतिजन्य स्टेरॉइड, म्हणून सुरक्षित' अशा भाषेत इंटरनेटवर पूरके विकली जातात. उंदरांवरच्या २४ दिवसांच्या एका प्रयोगावरून माणसाने महिनोन्‌महिने काही खावे, याला आधार नाही. पिकासाठीची बाटली तर कोणत्याही परिस्थितीत पोटात जायची वस्तू नाही.

खरी काळजी घ्यायची ती फवारणाऱ्याने. बाटलीत संप्रेरकाखेरीज द्रावक असतो, आणि बऱ्याचदा त्याच पंपात कीटकनाशक किंवा बुरशीनाशकही मिसळले जाते. विषबाधेचा धोका असतो तो या मिश्रणाचा. हातमोजे, मास्क, पूर्ण बाह्यांचा सदरा आणि वाऱ्याच्या दिशेचे भान ही साधी खबरदारी टॉनिक फवारतानाही सोडू नये. रिकामी बाटली ओढ्यात टाकू नये. पश्चिम शाहूवाडीतले ओढे कडवी आणि वारणेला मिळतात आणि खालच्या गावांच्या पिण्याच्या पाण्यात उतरतात.

लेबल वाचावे, पट्टा सोडावा

होमोब्रासिनोलाइडसारखी वाढ नियंत्रके भारतात कीटकनाशक कायदा, १९६८ खाली नोंदवावी लागतात. म्हणून अशा बाटलीवर नोंदणी क्रमांक, घटकाचे नाव आणि टक्केवारी, उत्पादनाची व मुदत संपण्याची तारीख, आणि विषारीपणा दाखवणारा रंगीत चौकोन असतो. त्यात लाल रंग सर्वांत जहाल, मग पिवळा, निळा आणि हिरवा. ज्यांना 'बायोस्टिम्युलंट' म्हणतात, ती शेवाळाच्या अर्कासारखी उत्पादने २०२१ पासून खत नियंत्रण आदेशाच्या कक्षेत आली आहेत. ज्या बाटलीवर घटकाचे नाव नाही, टक्केवारी नाही आणि फक्त हिरव्यागार लोंबीचे चित्र आहे, तिच्यात काय आहे हे विकणाऱ्यालाही सांगता येत नाही. अशी बाटली परत फळीवर ठेवलेली बरी. पक्के बिल घ्यावे. लेबलवर आपल्या पिकाचे नाव आहे का, ते पाहावे.

वेळेचा विचार भातासाठी विशेष महत्त्वाचा. लेबलवर ज्या अवस्थेची शिफारस असेल, तीच पाळावी. संततधार लागलेली असताना फवारणी म्हणजे पैसे पावसात सोडणे. पाने कोरडी असतील आणि काही तास उघडीप मिळेल असाच दिवस निवडावा. त्याआधी नत्राचा हप्ता वेळेवर गेला का, बांधात पाणी नको तितके तुंबले आहे का, तण निघाले का, याची उजळणी करावी. या तिन्हींपैकी एक चुकले असेल तर तिथला खर्च आधी करणे शहाणपणाचे. शंका असेल तर गावच्या कृषी खात्याच्या कर्मचाऱ्याला किंवा राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या केंद्रांत विचारावे.

आणि सर्वांत उपयोगी गोष्ट फुकटची आहे. पहिल्या वर्षी सगळ्या रानावर टॉनिक मारू नये. सारख्या मातीचा, सारख्या पाण्याचा, त्याच दिवशी लावलेला एक वाफा फवारणीविना सोडावा आणि त्याला खूण करावी. खत, तणनाशक, कीटकनाशक सगळे दोन्हीकडे सारखेच. मळणीला दोन्ही वाफ्यांचे भात वेगळे ठेवावे, वाळवावे आणि तोलावे. वाफे लहानमोठे असतील तर गुंठ्यामागे वजन काढावे. फवारलेल्या वाफ्यात जे जास्त आले, त्याची किंमत बाटली आणि मजुरी यांच्या बेरजेहून मोठी निघाली, तरच पुढच्या वर्षी विचार करावा. एका हंगामावर विसंबू नये. दोन-तीन वर्षे तोच फरक दिसला, तर तो खरा. बेल्ट्सव्हिलच्या शास्त्रज्ञांनी घेवड्याच्या रोपांवर जे केले, त्याच्या मुळाशी हीच रीत होती : एकाला लावले, एकाला लावले नाही, आणि मग फरक मोजला.

शेजारच्या रानातले पीक हिरवेगार दिसते म्हणून बाटली घेणाऱ्याला दिसतो तो रंग. तराजूवर उतरतो तो दाणा.